पोथीतला काढा

"आई, सगळा प्यायचा हं. तळाशी ठेवायचा नाही," थोरल्याने काढ्याची वाटी तिच्या हातात दिली.

"पिते रे. तू जा, दवाखाना उघड."

थोरला वैद्य होता. वडिलांची पोथी त्याला तोंडपाठ. अडुळसा, ज्येष्ठमध, पिंपळी. पोथीबाहेर त्याने कधी काडी हलवली नव्हती. धाकटा मात्र औषधांच्या कारखान्यात शिरला आणि तोच अडुळसा बाटलीत भरून विकू लागला. आता थोरल्याचे रोगीसुद्धा खोकला झाला की ती बाटली घ्यायचे. त्याच्या पोटात दुखायचं ते तिथेच. आईसाठी धाकट्याने पाठवलेली बाटली त्याने कपाटात पार मागे ढकलली होती. आईचा खोकला आपल्याच हातून बरा व्हायला हवा, मग दिसेल वडिलांचा खरा वारस कोण. पण खोकला काही हटेना.

किल्ली विसरली म्हणून तो अर्ध्या वाटेवरून परतला. आई खिडकीपाशी उभी राहून वाटी कुंडीत उपडी करत होती.

"कडू जहर लागतो रे," ती ओशाळून म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

थोरला आत गेला. कपाटातून त्याने धाकट्याची बाटली काढली, वरची नावं वाचली. तीच तीन, त्याच क्रमाने. खाली चौथं, मध. ते पोथीत नव्हतं. उचलेगिरी ती उचलेगिरी, वर पुन्हा लोकांना गोड लावायचं, असं पुटपुटत त्याने ते औषध कोमट पाण्यात कालवलं आणि आपल्याच वाटीत ओतलं.

"दुसरा आणलाय. बघ."

आईने घोट घेतला, जरा थांबली आणि वाटी संपवली.

"आज जमला बघ तुला. यांच्या हातचा अगदी असाच असायचा. लोक तोंडं वाकडी करायचे म्हणून मध घालायचे ते, गुपचूप. धाकटं कार्टं पळी चाटायला चुलीपाशीच बसलेलं. तू आपला आतल्या खोलीत पोथी पाठ करत."

थोरल्याला धाकट्याचा एवढा हेवा कधीच वाटला नव्हता. बाटलीचा नाही, पैशाचा नाही, त्या पळीचा.

"उद्या असाच कर," आई म्हणाली.

"करतो."

वाटी घेऊन तो मोरीपाशी गेला. तळाशी थेंबभर उरलं होतं. त्याने ते बोटाने पुसलं आणि जिभेवर ठेवलं.