तुळईवरचा बाण

आत्याच्या खोलीत हातातून रीळ निसटलं तर ते शोधावं लागत नसे. कुठूनही सुटलं तरी घरंगळत खोलीच्या मध्यावर, शिलाई मशीनच्या पायांशी जाऊन थांबायचं. माडीची जमीन तिथे खचली होती. आत्याने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरा ताणून खळगा मोजला होता : अडतीस मिलिमीटर. “बटणांचं माहेर आहे ते,” ती म्हणायची.

“तुझ्या मशीनचे प्रताप!” हे तिचा थोरला भाऊ, दादा, वीस वर्षं म्हणत आला होता. या वेळी मात्र त्याने सुतारच बोलावला. “दुरुस्ती झाली की मशीन खालच्या मागच्या खोलीत,” त्याने सांगून टाकलं.

मागच्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागे. काळ्या कापडावरचा काळा दोरा तिथे दिसणार कसा? माडीवरच्या खिडकीचा उजेड गेला म्हणजे शिवणकाम गेलंच. पण तीच तीच गोष्ट ऐकून आत्यालाही वाटू लागलं होतं, चूक आपल्या मशीनचीच असावी. तिने मशीनभोवतीचं कापड आवरायला घेतलं.

सुतार माडीवर आलाच नाही. खालच्या खोलीत शिडी लावून त्याने छताच्या दोन फळ्या उचकटल्या आणि बराच वेळ आत डोकं घालून राहिला.

“साहेब, हा पाईप कोणी टाकला?”

“मी!” दादाची छाती फुगली. “एका रविवारात. प्लंबरला हातसुद्धा लावू दिला नाही.”

“तरीच.”

आत्या शिडीवर चढली. माडी पेलणाऱ्या तुळयांपैकी तीन तुळयांना बरोबर मधोमध, खालच्या बाजूने खाच पाडली होती आणि त्या खाचांतून पाईप गेला होता. प्रत्येक खाचेच्या कोपऱ्यातून एक लांब चीर निघाली होती. शेजारी पेन्सिलीचा जाड बाण : ‘इथे कापणे’.

“तुळई वाकते तेव्हा तिची खालची कड ताणली जाते, मधे सगळ्यात जास्त,” सुतार म्हणाला. “नेमकं तिथलंच लाकूड काढलंय. मशीनचं काय घेऊन बसलात? तुम्ही आणि वहिनी पलंगावर बसलात तर त्याहून जास्त भराल.”

“मला कशाला मधे ओढता?” वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या.

आत्याने शिडीवरून खाली पाहिलं. “दादा, अक्षर ओळखीचं वाटतंय.”

“कुणाचंही असेल.”

“खाली सही आहे. तारखेसकट.”

दादाने घसा खाकरला आणि चष्मा पुसायला घेतला.

सुताराने पाईप भिंतीकडेने वळवला आणि तुळयांखाली आडवा दांडा घालून जॅक लावला. एकदम उचललं तर भिंतींना तडे जातील, म्हणून रोज फक्त पाव फेरा. तो फेरा द्यायचं काम दादाने कुणी न सांगता स्वतःकडे घेतलं. सकाळचा चहा झाला की खालून हाक येई, “किती?” आत्या दोऱ्यापाशी पट्टी धरून वरून सांगे, “दीड मिलिमीटर वर!” एकदा घाईत त्याने अर्धा फेरा दिला, तर माडीचं दार चौकटीत आवळलं आणि आत्या दुपारपर्यंत आत अडकली. दोन ब्लाउज शिवून झाले.

पंचविसाव्या दिवशी जमीन दोऱ्याला टेकली. सुताराने प्रत्येक जुन्या तुळईला नवी तुळई जोडून बोल्टांनी आवळली. आत्याने कापड बेतायच्या टेबलाखालच्या पाचरी काढल्या. त्यांच्यामुळे आता टेबलच तिरकं झालं होतं.

दादा दारात येऊन उभा राहिला. “मशीन... खिडकीपाशीच बरं दिसतं, नाही?”

“दिसतं खरं.”

सुटल्यासारखं हसून त्याने एक रीळ उचललं आणि परीक्षा म्हणून जमिनीवर सोडलं. ते सरळ कपाटाखाली गेलं. दादा गुडघ्यांवर बसून, गाल जमिनीला टेकवून शोधू लागला.

“यापेक्षा खचलेली बरी होती गं!”

“मग काप की पुन्हा,” मशीनमध्ये दोरा ओवत आत्या म्हणाली. “बाण आहेच.”