अडवलेली चटई

“मांजर खाईन हा कुत्रा माही,” खुशालनं दारातच हात आडवा धरला.

“कुठी खाते, भाऊ? त्याच्याच पोटाची बोंब हाय,” म्हणत वनरक्षक पोचूनं दोरीचं टोक त्याच्या हातात कोंबलं. दुसऱ्या टोकाला लांब तोंडाचा, फासळ्या निघालेला शिकारी कुत्रा उभा होता. चितळ मारणारी टोळी सापडली, माणसं कोठडीत गेली. कुत्र्यासाठी कोठडी नव्हती. मोठं आंगण आणि रिकामा माणूस एकाच जागी हवा असेल तर मूल गावात खुशालशिवाय कोण, हा पोचूचा हिशेब. तो चुकीचा नव्हता.

खुशालचा जन्म राइस मिलमध्ये यंत्रांचे पट्टे चढवण्यात गेला. घरी तो जेवण्याझोपण्यापुरता. घर होतं ते त्याच्या बायकोचं, चंदाबाईचं. कोंबड्या तिच्या, बकरी तिची, ठकी मांजर तर तिच्या पदरातच वाढलेली. धानाच्या ऐन हंगामात चंदाबाई चंद्रपूरच्या दवाखान्यात गेली ती गेलीच. बायको तिथं शेवटचे श्वास मोजत होती आणि नवरा इथं सुटलेला पट्टा चढवत होता. त्यानंतर त्यानं मिल सोडली.

चुलीजवळची तिची शिंदीची चटई वर्ष झालं तरी अंथरलेलीच होती. कोणी विचारलं की खुशाल म्हणे, “गुंडाळाचा कंटाळा.” मिलचा भोंगा वाजला की ताटावरून उठणारा माणूस, त्याला चटईचा कंटाळा! शेजारची कांताबाई हे ऐके आणि मान हलवे.

कुत्र्याचं नाव तिनंच ठेवलं, पाहुणा. पाहुण्यानं ठकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोंबड्या त्याच्या पायांमधून फिरल्या. तो भुंकतही नसे. खुशालचा जीव भांड्यात पडला.

मग एका दिवेलागणीला पाहुणा उठला, सरळ आत गेला आणि चटईपुढे बसला. पुढचा एक पाय उचललेला, मान ताठ, नजर चटईच्या मधोमध. चटई रिकामी होती. ठकी आली आणि मधली जागा सोडून अगदी काठाला बसली. बकरीनं दारातून मान आत घातली ती मागे घेतलीच नाही. कोंबड्या खुराड्याकडे न जाता उंबऱ्यावर ओळीनं थांबल्या. कोणी आवाज करेना. चूल थंड होती, तरी खुशालच्या नाकाला चंदाबाईच्या पेजेचा वास आला.

पुढं रोज तेच. ठकीनं दूध सोडलं. दिवसासुद्धा ती चटईचा काठ सोडेना; पोट पाठीला लागलं.

“भाऊ, कुत्रं काढा घरातून,” कांताबाई म्हणाली. “मांजर मरन तुमची. अन् तुम्ही काऊन सांजच्याले आंग धुऊन, धुतलेली बंडी घालून बसून राह्यले? कोणाले दाखवाची हाय?”

खुशाल चक्क लाजला.

पोचूला निरोप गेला. तो संध्याकाळी आला, आत डोकावला आणि दोन पावलं मागे सरला.

“भाऊ, हे तं त्याचं काम करून राह्यलं.”

“कोनतं काम?”

“टोळीवाला सांगत होता. हा भुकत नाई, फाडत नाई. समोर बसून जनावर अडवून ठेवते. मालक येईस्तवर ते जनावर जागचं हलत नाई.”

“अन् मालक आल्यावर?”

“मारते, आनखी काय. पण पिल्लावाली मादी असली तं मारत नाई. याच्या पाठीवर हात ठेवून ‘जाऊ दे’ म्हणते. मंग हा सोडते.”

“मालक तं कोठडीत हाय.”

पोचूनं दोरी उचलली. “आता मालक तुम्हीच, भाऊ. का घेऊन जाऊ याले?”

“नोको.”

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ठकीची मान कलली. पुन्हा उचलेना. खुशाल धुतलेली बंडी घालून पाहुण्याच्या शेजारी बसला.

“हंगाम होता व,” तो चटईला म्हणाला. “पट्टा सुटला होता.” हे कारण त्यालाही पटलेलं नव्हतं.

मग त्यानं कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. ती पाठ मिलच्या जमिनीसारखी आतून थरथरत होती.

“जाऊ दे,” तो म्हणाला. जन्मभर यंत्रांवरून ओरडून बोललेला माणूस, पण हे त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही.

पाहुण्यानं पाय खाली टेकला. चटईची पाती हलकेच करकरली, गुडघ्यावर हात देऊन कोणी उठावं तशी. बकरीनं मान मागे घेतली आणि दार मोकळं केलं. कोंबड्या एकेक करून उंबऱ्यावरून बाजूला झाल्या. ठकी दाराकडे पाहत राहिली, मग अडखळत वाटीकडे गेली आणि दूध चाटू लागली.

खुशाल चटई गुंडाळायला वाकला. मधोमध हात टेकला तर तिथं ऊब होती. ती निवेपर्यंत त्यानं हात उचलला नाही.