दहा टक्क्यांचं दुःख

बोंडअळीनं कपाशी फस्त केली, त्या वर्षी अकोल्याच्या एका बियाणे कंपनीनं वरच्या साहेब लोकांच्या पगारात सरसकट दहा टक्के कपात केली. बियाण्याला गिऱ्हाईकच नव्हतं, त्यामुळे कुरकुर करायची सोय नव्हती. केली ती चंद्रभानभाऊंनी, तीही महिन्याच्या मीटिंगनंतर, चहाच्या टेबलावर.

भाऊ अमरावती विभागाचे प्रमुख, गजाला मॅडम अकोला विभागाच्या. पद एक, काम एक, नेमणूकही सहा वर्षांपूर्वी बरोबरच झालेली.

"अठरा हजार गेले ना मॅडम, महिन्याचे!" भाऊ कळवळून म्हणाले. "मानसानं खावं तरी काय?" असं विचारून त्यांनी आणखी एक भजं उचललं.

गजालाचा कप हातातच राहिला. तिचे बारा हजार कापले होते. टक्के सारखे, तर मग मूळ पगारच कमी! विक्रीत दरवर्षी तीच पुढे असायची. तिला फार लागलं. चहा तसाच टाकून ती एमडी भगवंतराव साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

"अवो मॅडम, चंद्रभानले घर चालवा लागते," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले.

"अन् माह्या घराले का चाकं हायेत साहेब, थे आपोआप चालाले?"

"पन या मंदीत पगार वाढवाले पैसा कोठून आनू मी?"

"वाढवा कोन म्हनते? भाऊचा माह्याएवढा करा. कंपनीचेच पैसे वाचतीन."

कित्येक दिवसांनी साहेबांच्या चेहऱ्यावर तेज आलं. हे तेज कशाचं, ते चहाच्या टेबलापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. भाऊंनी भजं खाली ठेवलं आणि धावत केबिन गाठली.

"बाईमानसावर असा अन्याय?" त्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "मी खपवून घेनार नाई, साहेब! मॅडमचा पगार माह्याएवढा करा!" मग जरा हळू, "माह्याले हात नोका लावू."

साहेबांना भाऊंचा शब्द मोडवेना; पुढच्या महिन्यापासून गजालाचा पगार भाऊंएवढा झाला. आणि महिला दिनाला अमरावतीच्या सभागृहात कंपनीनं महिलांचे कैवारी म्हणून सत्कार केला, तो चंद्रभानभाऊंचा. त्यांना गुच्छ द्यायचं काम गजालाकडे आलं. तिचं अंग अंग जळत होतं, पण ती हसतमुखानं उभी राहिली.

भाऊ शाल सावरत गहिवरून बोलले, "बाई अन् मानूस असा फरक करनं पाप हाये!"

गुच्छ देऊन गजालानं माइक हातात घेतला.

"भाऊ सोला आने खरं बोलले. आता तेच आमचे पुढारी. मागच्या सहा वर्षांच्या माह्या पगाराचा फरक बी तेच साहेबांकडून काढून देतीन!"

समोर बसलेल्या बायांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. साहेब भाऊंकडे डोळे वटारून पाहत होते. भाऊंनी शालीच्या टोकानं घाम पुसला आणि होकारार्थी मान हलवली. करतात काय, कैवारी होते ना!