जास्तीचा वेढा

रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं डाव्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून मिस्त्री डोळे मिटून बसला होता. मग नळी उजवीकडे. परत डावीकडे. दोन्हीकडून हवेचा आवाज सारखा यायला हवा, एक वरचढ झाला की मोटारसायकल अडखळते. हल्ली यासाठी काट्यांचं यंत्र मिळतं म्हणे. मिस्त्रीला कान पुरे होता. टाळांच्या जोडीसारखे दोन्ही सिलिंडर एका ठेक्यात आले, तेव्हा कुठे त्याने इंजिन बंद केलं.

"झालं का भाऊजी?" गॅरेजच्या दारातून वहिनीने विचारलं. "ह्यांनी सकाळपासून तीनदा तो चामडी कोट घालून बघितला. चेन काही पोटावरून वर जायला तयार नाही."

"उघडाच राहू दे म्हणावं. वारा लागेल तेवढाच."

ती हसत दादाला बोलवायला गेली, आणि मिस्त्रीची नजर गाडीच्या टाकीकडे गेली. टाकीखाली त्याने काय केलं होतं ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

ही लाल गाडी चाळीस वर्षांपूर्वीची. कारखान्याने ती आधी शर्यतीसाठी बांधली आणि मग तिलाच दिवे, आरसे लावून रस्त्यावर आणली. बाकीचे स्पर्धक चार सिलिंडरच्या गाड्या घेऊन यायचे. सरळ पट्ट्यात त्या पुढे निघून जायच्या. वळण आलं की ही दोन सिलिंडरची सडपातळ पोरगी त्यांच्या आतल्या बाजूने सुटायची, अन् मग कुणाच्या हाती लागायची नाही. दादाने तिच्यावर लागोपाठ तीन वर्षं शर्यत जिंकली. तिन्ही फोटोंत दादा आहे, गाडी आहे, चषक आहे. तिसऱ्या फोटोत डाव्या कडेला कुणाचं तरी कोपर दिसतं. ते मिस्त्रीचं.

तिन्ही वेळा गाडी खोलून पुन्हा बांधली होती ती त्याने. शर्यतीआधी चालू तो करायचा आणि शर्यतीनंतर बंदही तोच करायचा; दादा नुसता उतरून गर्दीत जायचा. वळणात ती का सुटते हे मिस्त्रीला ठाऊक होतं. तेव्हा कसं वाटतं, ते मात्र नाही. एकदा त्याने एक फेरी मागितली होती. "तू पडलास तर दुरुस्त कोण करणार?" दादा सगळ्यांदेखत म्हणाला होता. सगळे हसले, मिस्त्रीही हसला. माणसाचे केस पिकतात, गुडघे बोलायला लागतात, पण मनातला मत्सर तेवढा तरणाच राहतो.

आज जुन्या मैदानावर जुन्या विजेत्यांची एक एक फेरी होती. त्यानंतर गाडी शर्यतीच्या क्लबच्या काचेच्या दालनात जायची होती, पेट्रोल काढून, कायमची. वीस वर्षं ती मिस्त्रीच्या गॅरेजात होती. दर रविवारी तो ती चालू करायचा, पुसायचा, तिच्याशी बोलायचा. आणि क्लबच्या पत्रात लिहिलं होतं दादाचं नाव, त्याखाली 'सोबत एक मदतनीस'.

ते वाचून काल दुपारी त्याने टाकी उतरवली आणि क्लचच्या केबलला एक वेढा जास्तीचा मारून ती फ्रेमच्या कोपऱ्यात घट्ट बांधली. बिघडवलं काहीच नव्हतं. तरुण माणसाला क्लच जरा जड लागला असता, एवढंच. दादाच्या डाव्या हाताला मात्र दोन वर्षांपासून कंप होता.

दादा आला. कोट उघडाच होता. गाडीवर बसताना त्याचा चेहरा पंचविशीतला झाला. दादाने क्लच दाबला. दांडी निम्म्यावर अडली. पुन्हा दाबला. मग दोन्ही हातांनी. थरथर कोपरापर्यंत चढली.

"आता झेपायची नाही तुला," हे वाक्य मिस्त्रीने कालपासून तयार ठेवलं होतं. ते बोलायची पाळीच आली नाही.

"हात गेला रे माझा, बाळ्या," दादा म्हणाला. बासष्टाव्या वर्षीही मिस्त्री त्याचा बाळ्याच होता. दादा उतरला, कोट काढला आणि त्याच्यापुढे धरला. "फेरी तूच मार. तुझं पोट सुटलेलं नाही, चेन लागेल."

मिस्त्रीने कोट घेतला.

"तुला ती नुसती ऐकून कळायची. मला वर बसूनसुद्धा कधी कळली नाही. म्हणून दिली नाही तेव्हा. जळायचो मी."

कोट मिस्त्रीच्या हातात होता, अजून ऊबदार. चाळीस वर्षं जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि कसं मिळालं ते त्यालाच ठाऊक होतं. त्याने कोट खिळ्याला अडकवला.

"थांब. केबल बघतो."

त्याने टाकी उतरवली, बांधलेलं कापलं, केबल सरळ केली, तेलाचे चार थेंब सोडले. दादा मागेच उभा होता. तो वेढा आपोआप पडलेला नाही, हे कळायला मिस्त्री असावं लागत नाही.

"टाकीचे बोल्ट नीट आवळ," दादा एवढंच म्हणाला.

मैदानावर दादा फेरीला निघाला, तेव्हा मिस्त्री भिंतीशी डोळे मिटून उभा राहिला. पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्यात आवाज लवकर खाली आला. घाबरला, मिस्त्रीच्या मनात आलं, मी असतो तर अ‍ॅक्सिलरेटर नसता सोडला. मग दोन्ही सिलिंडर एकदम हुंकारले, ती वळणातून सुटली, आणि त्याचे डोळे भरून आले. मत्सर मात्र होता तिथेच होता.

टाळ्या पडल्या. कर्ण्यावरून दादाचं नाव तीनदा पुकारलं गेलं. "काका, जरा बाजूला होता का?" फोटोवाला म्हणाला. मिस्त्री बाजूला झाला. दादा उतरला, लोक त्याला घेऊन मंचाकडे गेले.

गाडी एकटीच गुरगुरत उभी होती. दादाने इंजिन बंद केलं नव्हतं.

मिस्त्री वाकला. त्याने बोट जिभेला लावून ओलं केलं आणि आधी डाव्या धुराच्या नळीला टेकवलं, मग उजव्या. दोन्हीकडे सारखंच चर्र झालं.

थोडा वेळ तो नुसता ऐकत राहिला. मग त्याने चावी फिरवली.