पाटा धुतला होता

"तात्या, गेटवर एक आजी आल्यात. मंजुळाबाई नाव सांगत्यात. वर चला म्हटलं तर नको म्हणत्यात, कट्ट्यावरच बसल्यात," इंटरकॉमवर वॉचमन ओंकार सांगत होता.

मुरारीतात्यांच्या डोळ्यांपुढे आधी बहीण आली नाही, तिचं पत्र आलं. निळं आंतर्देशीय, वर्षाहून जुनं, कपाटातल्या एका जाड पुस्तकात जपून ठेवलेलं आणि उत्तर न दिलेलं.

मंजुळाअक्काला ऐकू कमी यायचं. फोन कानाला लावला की नुसती शिट्टी वाजते, अशी तिची तक्रार. म्हणून शेजारच्या पुनमकडून तिनं ते लिहून घेतलं होतं. मजकूर चार ओळींचा. पोरगी कशी आहे? पाटा आता स्वयंपाकात नाही. एकदा तिला घेऊन या. काय रांधायचं ते तुम्ही सांगा, तेवढंच रांधीन.

तात्यांनी कितीदा तरी 'तीर्थस्वरूप अक्कास' एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. येतो म्हणण्याचा अधिकार आपला नाही, आणि येत नाही म्हणायची छाती नाही. आयुष्यभर कंपनीच्या स्टोअरमध्ये काढलेला, जेवणाच्या सुट्टीत पुस्तकात तोंड खुपसून बसलेला हा माणूस. सुनेशी बोलायचं झालं तरी मनात दोन वेळा वाक्य म्हणून बघायचा आणि मग ते बोलायचंच राहून जायचं.

झालं होतं ते असं. नात मिनल हिला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे एक दाणाही नाही. हे लहानपणीच एका लाडवानं कळलं होतं. अक्काच्या गावच्या जत्रेला जायचं ठरलं तेव्हा सून हर्षालीनं आधी सगळं बजावून सांगितलं. अक्कानंही मनावर घेतलं. चाकणच्या पलीकडचं शेतकऱ्याचं घर ते, भुईमूग तिथं धान्यासारखा. तरी तिनं पोतं गोठ्यात हलवलं, कुटाचा डबा शेजारी ठेवायला दिला, पोरीसाठी वेगळी बटाट्याची भाजी केली. फक्त भाजीचं वाटण पाट्यावर वाटलं, आणि त्याच पाट्यावर सकाळी पाहुण्यांसाठी दाण्याची चटणी वाटलेली होती. दोन पाण्यांनी धुतला होता. पण टाकी लावून खडबडीत केलेला दगड तो, त्याच्या घावाघावांत चटणी बसलेली.

दोन घासांत पोरीचे ओठ सुजले. श्वास लागला. तात्यांचा मुलगा रविराज यानं चाकणच्या दवाखान्यापर्यंत गाडी कशी आणली ते त्यालाच ठाऊक. इंजेक्शन मिळालं, पोर वाचली. बाहेरच्या बाकावर अक्का एकच सांगत राहिली, "पाटा धुतला हुता गं. द्येवाशपथ धुतला हुता." तेव्हा हर्षाली एकदाच ओरडली, "धुऊन जात नाही ते, आत्या!"

एवढंच. त्यानंतर कोणी कोणाकडे गेलं नाही.

पुनावळ्याच्या या फ्लॅटमध्ये मग दाणा शिरलाच नाही. तेल बदललं. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचण्याचं काम तात्यांनी आपणहून घेतलं. चष्म्यावर भिंग धरून ते एखाद्या पोथीसारखा पुडा वाचायचे. दाराजवळच्या खुंटीला लाल पिशवीत इंजेक्शन असे, आणि ते कसं टोचायचं हे तात्यांनीही शिकून घेतलं होतं. कूट घातल्याशिवाय ज्यांच्या आईच्या घरात काकडी चिरली जात नव्हती, ते तात्या आता उपासाला खोबरं घातलेली खिचडी खात. बागेत फिरायला येणारे मालोजीराव दाण्यांची पुडी पुढे करून चिडवायचे, "सुनेनं पार साधू केला राव तुमचा! अहो, दोन दाण्यांनी काय होतंय?"

"दोन दाण्यांनीच होतं," तात्या म्हणायचे. साऱ्या जन्मात एवढं ठाम ते दुसरं काही बोलले नसतील.

ते खाली उतरले. अक्का कट्ट्याच्या अगदी टोकाला बसली होती. भाऊ दिसल्यावर उठली, पण जवळ आली नाही. हात रिकामे होते. भावाकडे येताना पिशवी नाही, गाठोडं नाही, असं आजवर झालं नव्हतं.

"अक्का, वर चल की."

"न्हाई रं बाबा. भुईमुगाची काढणी चाललीया. लुगड्याला, केसात, समद्या अंगाला शेंगांची माती. रातच्याला सपनात पोरगी आली, म्हनून तशीच निघाले. तू आसं कर, तिला गॅलरीत हुभी कर. हितनं बघते अन् जाते माघारी."

तात्यांनी मान वर करून आपली गॅलरी बघितली.

"माझं पत्र पावलं का रं?" अक्कानं विचारलं.

"पावलं."

"मंग बरं," अक्का म्हणाली. पुढे तिनं काही विचारलं नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून तात्यांनी मोठ्यानं विचारलं, "पाटा काय केलास?"

"न्हाणीत घातलाय. पाय घासाय. सासूबाईचा हुता." ती पुन्हा कट्ट्यावर टेकली. "वरवंटा मातर ठिवलाय वर फळीवर. मिनलच्या बारशाला पाळण्याखालनं दिलेला त्योच. त्यो न्हाई टाकवला."

लिफ्टमध्ये तात्यांनी वाक्य तयार केलं: अक्का आली आहे, मिनलला दोन मिनिटं गॅलरीत उभी करशील का. दार उघडलं. हर्षालीचं घरूनच काम चालू होतं, कानावर हेडफोन. तात्यांचा चेहरा बघून तिनं तो काढला.

"बाबा, काय झालं?"

"अक्का आलीय. खाली. ती म्हणते..." तयार केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. "हर्षाली, तिला वर आणू का?"

हर्षाली ताडकन उठली. "आणू का म्हणजे? खाली बसवून आलात त्यांना?" आणि अक्कासाठी टॉवेल खांद्यावर टाकून ती लिफ्टचीही वाट न बघता जिन्यानं उतरली.

मागोमाग तात्या पोचले तेव्हा ती अक्काच्या कानाशी ओरडत होती आणि अख्खं पार्किंग ऐकत होतं. "आत्या, वर चला! सरळ बाथरूममध्ये जायचं. केसावरून अंघोळ. लुगडं मी मशिनला लावते, माझी साडी नेसा!"

"आगं पर, पोरीला काय झालं म्हंजे..."

"काही होत नाही. दोन वर्षं मी हेच तर शिकलेय. चला!"

अक्का न्हाऊन बाहेर आली. अंगावर हर्षालीची लिंबू रंगाची साडी, ओले केस पाठीवर. सोफ्यावर बसली ती हात दोन्ही बाजूंना अधांतरी धरून, कशालाच लागू नयेत असे. मिनल समोर उभी राहून निरखत होती.

"आजी, साबणाने धुतलेस ना हात?"

"धुतले गं माज्ये बाय."

"कोपरापर्यंत?"

"पार खांद्यापातुर."

मिनलनं हात ओढून हुंगले, नखं तपासली. "पास," ती म्हणाली आणि मांडीवर चढून बसली. अक्काचे हात अजून तसेच होते. मग हळूच ते पोरीभोवती आले. तात्या चष्मा पुसायला आत गेले.

जेवताना अक्कानं खोबरं घातलेली कोशिंबीर चाखली. "कुटाबिगर बी लागतीया की! मला शिकीव गं ही."

संध्याकाळी रविराज तिला गावी सोडायला गेला. दोरीवरचं लुगडं वाळलं होतं, तेच नेसून ती गेली. हर्षाली भांडी लावत होती.

"मी त्या दिवशी ओरडले ना, बाबा. मला वाटायचं, आत्या आता माझं तोंड बघणार नाहीत. आज म्हणाल्या, पत्र धाडलं होतं. मला सांगायचं तरी!"

"सांगणार होतो."

"कधी? मिनलच्या लग्नात?" ती हसली, आणि तात्यांच्या छातीवरचा धोंडा त्या हसण्यानं हलला. "आता उत्तर लिहा."

"भेटून गेली की ती."

"गेल्या तरी लिहा. त्या गेटवर आल्या, पण उत्तर का नाही ते विचारलं नाही त्यांनी. त्यांचं देणं लागतो आपण."

 तात्यांनी पेन घेतलं.

'तीर्थस्वरूप अक्कास, साष्टांग नमस्कार. पत्र पावले. उत्तरास उशीर झाला, चूक माझी. काढणी उरकली की दिवाळीनंतर आम्ही सगळे येतो. भांडी हर्षाली घरून आणेल आणि स्वयंपाक तुम्ही दोघी मिळून कराल, असे तिनेच सांगितले आहे. तू फक्त घर पुसून चूल पेटवून ठेव. पाटा आहे तिथेच असू दे. वरवंटा घासूनपुसून ठेव, पण खाली काढू नकोस. मिनलला लांबून दाखवू.'

दुसऱ्या दिवशी बस धरून ते आकुर्डीला गेले, कंपनीत असताना पत्रं टाकायचे त्याच पेटीपाशी. पत्ता पुन्हा वाचला. गावाचं नाव, तालुका, पिन, सगळं बरोबर होतं. तरी एकदा वाचला.

मग त्यांनी कार्ड आत सोडलं. पोस्टकार्ड ते, पडल्याचा आवाज आला नाही. तात्या जरा वेळ पेटीच्या फटीवर हात ठेवून उभे राहिले.