कानामागची बट

बसमधून उतरल्या उतरल्या ताईला राग आला तो त्या गावाचाच. इतकंसं गाव, पण तोरा केवढा! रस्त्यात माणसांपेक्षा सायकली जास्त, चहाच्या दुकानात जो तो पुस्तकात तोंड खुपसून बसलेला, आणि खांबाखांबावर ‘खोली भाड्याने’च्या चिठ्ठ्या. इथल्या विद्यापीठात तिची धाकटी बहीण शिकवायची, आणि गेल्या वर्षापासून ताईची एकुलती एक लेक शिकायला म्हणून त्याच मावशीकडे राहत होती. यंदा सगळ्या भावंडांनी धाकटीकडे जमायचं ठरलं, तेव्हा ताईने आपल्या पार्लरला कुलूप लावलं आणि बस पकडली. भावंडांची भेट हे नुसतं निमित्त. लेक अजून आपलीच आहे ना, हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

दारातच पहिला टोला बसला. लेक धावत आली, गळ्यात पडली आणि म्हणाली, “आई, चप्पल इथे नको गं, रॅकवर ठेव. मावशीला पसारा चालत नाही.”

मावशीला! ताईने चपला रॅकवर अशा आपटल्या की आतून दादा, म्हणजे सगळ्यांत मोठा भाऊ, ओरडला, “आली वाटतं पार्लरवाली!”

आत जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा पुस्तकांचे ढीग होते. चहा आला. लेकीने साखरेचं भांडं पुढे सरकवलं, पण स्वतः घेतली नाही. घरी हीच पोरगी कपाच्या तळाशी राहिलेली साखर बोटाने चाटायची.

“मी सोडली साखर. मावशीही घेत नाही.”

“अरे वा! ही तर अगदी धाकटीवर गेली,” दादा म्हणाला. सगळे हसले. ताईही हसली, पण आतून तिचा नुसता जळफळाट होत होता. लेक वाक्य सुरू करायची, मावशी ते पुरं करायची, आणि दोघी कुणा ग्रंथपालावरून खिदळत बसायच्या. तो ग्रंथपाल कोण, हे ताईला सांगायचं कुणाला सुचलं नाही. तिला हेवा वाटत होता. सख्ख्या बहिणीचा हेवा वाटतोय, याची लाजसुद्धा वाटत नव्हती.

तेवढ्यात बोलता बोलता धाकटीने केस कानामागे सारले, आणि ताईचा कप हातातच राहिला.

कानामागची एक बट बाकीच्या केसांपेक्षा बोटभर लांब सोडलेली होती. केस मोकळे असताना ती कुणाला दिसत नाही, पण मागे सारले की नेमकी मानेवर उतरते आणि ती बाजू बोडकी वाटत नाही. ही ताईची स्वतःची युक्ती. कुठल्या क्लासात ती शिकवत नव्हते, आणि पार्लरातल्या मुलींनाही ताईने ती कधी कळू दिली नव्हती. बट कापताना ती मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायची.

“केस कुणाकडे कापलेस गं?”

“इथेच.”

“इथेच म्हणजे? कुठल्या पार्लरात?”

धाकटीने भाचीकडे पाहिलं. भाचीने मान खाली घातली. आणि ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शाळेतून आल्यावर लेक पार्लरच्या कोपऱ्यात अभ्यासाला बसायची. ताई पाठ करून उभी राहत असली, तरी समोर भिंतभर आरसा होता.

“आई, चुकलं माझं,” लेक पुटपुटली.

“तिला ओरडू नकोस, ताई,” धाकटी म्हणाली. “मीच तिच्या मागे लागले.”

पोरीने कात्रीला हातही लावायचा नाही, शिकून मावशीसारखं व्हायचं, हा ताईचा हुकूम घरादाराला ठाऊक होता. दादा तर बशी सावरत खिडकीकडे सरकला.

“हिचे कापलेस,” ताई लेकीला म्हणाली. “आणि माझे?”

“तुझे काय?”

“इतकी वर्षं माझे मीच कापतेय, हात मागे वळवून. मागची कड कायम वाकडी. सगळ्या गावाला सरळ करून देते आणि स्वतः अशी फिरते! कधी म्हणालीस, आई, आण इकडे, मी कापते?”

“तूच म्हणाली होतीस, कात्रीला हात लावलास तर तंगडं मोडीन!”

ताईने खुर्ची उजेडात ओढली, अंबाडा सोडला, धाकटीला टॉवेल आणायला पिटाळलं आणि पर्समधून आपली कात्री काढली. ती कात्री तिने आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती.

“हिच्यापेक्षा चांगले काप.”

समोर आरसा नव्हता. मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं, नुसती मानेवर लेकीची बोटं कळत होती. ताईचे डोळे भरून आले. टॉवेल देऊन बाजूला उभ्या राहिलेल्या धाकटीला ते दिसू नयेत म्हणून ताईने मान खाली घातली.

“मान वर, आई. आता कानामागची बट. मावशीला सोडली तशीच बोटभर सोडते.”

“मला दोन बोटं सोड.”

“इतकी लांब वाईट दिसेल गं.”

वाईट दिसतं, हे ताईइतकं कुणाला ठाऊक असणार?

“दिसू दे,” ती म्हणाली.