तिसऱ्या वळणावरचे निशाण

रविवारी दुपारी दोनच्या सुमारास वाइपुना गावात कार्टच्या, म्हणजे छोट्या चारचाकी शर्यतगाड्यांच्या, ट्रॅकवर तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी रेवी हापेटाची मोटरसायकल डेस्मंड फॅरीवर आदळली. डेस्मंड त्या वेळी उभा होता. त्याचा एक पाय जमिनीवर होता आणि दुसरा तो गाडीवर टाकत होता. गाडी मागून ढकलायला वाकलेल्या नायरी हॉलिसला साधे खरचटलेही नाही.

शर्यती हौशी लोकांच्या. गाड्या बुटक्या, चाके स्कूटरएवढी. कुणी भंगारातून इंजिन उचललेले, कुणी शेतावरच्या पडवीतून, आणि मग घरीच सांगाडा जोडलेला. या गाड्यांना सगळे बादल्या म्हणतात. हिवाळ्यात महिन्यातून एकदा बादलीवाले कार्टवाल्यांकडून हा ट्रॅक मागून घेऊन इथे जमतात; शनिवारी सराव, रविवारी शर्यती. कुणी खाटीकखान्यात फिटर, कुणी लोकर कातरणारा. नायरी शाळेची बस चालवते. बघायला बाहेरचे कुणी येत नाही, त्यामुळे निशाणे दाखवायलाही बाहेरचे कुणी मिळत नाही. ज्यांची शर्यत चालू नसते तेच वळणांवर उभे राहतात.

नियम असा की प्रत्येक वळणावर दोघे हवेत. एकाच्या हातात पिवळे निशाण. पुढे कुणी पडलेय, हळू या, कुणाला मागे टाकू नका, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा धावून पडलेल्याला उचलतो. निशाणवाल्याने निशाण खाली ठेवायचे नाही.

रीत मात्र वेगळी पडली होती. बादल्यांचा वेग तो किती! पडलेला माणूस बहुतेक वेळा हसतच उठतो आणि गाडी शोधतो. तो पुन्हा लवकर शर्यतीत जावा म्हणून जो जवळ असेल तो धावतो, गाडी उभी करतो, ढकलून देतो. जो धावत नाही त्याला संध्याकाळी सॉसेज भाजताना सगळे धारेवर धरतात. दोन वर्षांपूर्वी नायरी पडली तेव्हा डेस्मंडने तिला असेच पुन्हा गाडीवर बसवले होते, हातातले निशाण टाकून. त्या दिवशी तिचा शेवटून दुसरा नंबर आला होता आणि ती आठवडाभर खुशीत होती.

शनिवारी डेस्मंड नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या चेष्टेचा धनी झाला होता. त्याचे इंजिन मेहुण्याच्या खुराड्यात सापडलेले.

"म्हाताऱ्या, या हंगामात अंडं दिलं का रे हिनं?" लॉयड बिगनेलने विचारले.

"दिलं की. तुझ्या गाडीपेक्षा जोरात बाहेर आलं."

"आणि फुटलं कुठे?"

"फुटलं नाही. तेच तुला मागे टाकून गेलं ना काल स्वप्नात."

रेवी हसून हसून बेजार झाला. तो बावीस वर्षांचा, त्याचा हा पहिलाच हंगाम, आणि बऱ्याच जणांपेक्षा वेगवान. सकाळी त्याची क्लचची केबल तुटली तेव्हा डेस्मंडने स्वतःजवळची जादा केबल काढून दिली होती, वर स्वतःच बसवली होती.

"काका, उद्या मी तुम्हालाच मागे टाकणार बरं का," रेवी म्हणाला.

"टाक की. केबल माझी आहे, निम्मा नंबर माझा."

रविवारी थंडी कडक होती, पण आकाश स्वच्छ होते. तिसऱ्या वळणावर नायरी आणि लॉयड उभे होते. पुढची शर्यत लॉयडची. चार फेऱ्या उरल्या तेव्हा तो म्हणाला, "मी हेल्मेट घालायला जातो. सांभाळशील ना?"

"जा. इथं काय होणार आहे?"

हेही नेहमीचेच होते.

पुढच्याच फेरीत डेस्मंडचे पुढचे चाक निसटले. तो कुशीवर घसरला, गाडी आडवी होऊन जरा पुढे जाऊन थांबली. नायरीने निशाण वर केले. डेस्मंड गुडघ्यांवर बसला, हेल्मेटची काच वर केली आणि तिच्याकडे बघून ओरडला, "अगं, बघत काय बसलीस? चल, उचल!"

तिने निशाण टायरांच्या ढिगाशी जमिनीवर टाकले आणि ती धावली.

दोघांनी मिळून गाडी उभी केली. डेस्मंड हसत होता. "पुढे कोण आहे? लांब गेला का?" एवढे त्याने विचारले. तिला उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही.

रेवी आदळल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती ही की परत धावत जाऊन निशाण उचलले आणि दोन्ही हातांनी ते वेड्यासारखे हलवले. पाठोपाठचे सगळे थांबले. सगळ्यांनी ते निशाण पाहिले. गळपट्टीचे हाड मोडलेला रेवी गवतातून उठून बसला तेव्हा त्यालाही सर्वांत आधी तेच दिसले.

मेंढ्या हाकलून शेजारचे कुरण मोकळे केले आणि तिथे हेलिकॉप्टर उतरले. डेस्मंडला नेले तेव्हा तो श्वास घेत होता. बाकी काही करत नव्हता.

उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. सगळे पत्र्याच्या शेडमध्ये जमले. क्लबचा अध्यक्ष कोलम प्रेंटिस टोपी हातात घेऊन बोलला. "निशाण वर होतं. सगळ्यांनी बघितलंय. या मोसमात ऊन डोळ्यावर येतं, मुलगा नवा आहे. आत्ता कुणी त्याला काही बोलू नका."

 रेवी बसला होता त्या बाकावर मात्र त्याच्या शेजारी कुणी बसले नाही.

"मला दिसलंच नाही," रेवी म्हणाला. हात झोळीत बांधलेला. "मी बघत होतो. खरंच बघत होतो. आणि मला दिसलं नाही."

नायरी दाराशी उभी होती. तिने लॉयडकडे पाहिले. लॉयड बुटांकडे बघत होता.

चहाच्या गाडीमागे तिने प्रेंटिसला गाठले. "कोलम, निशाण खाली होतं. तो आदळला त्यानंतर मी ते उचललं."

प्रेंटिसने तिच्याकडे बघितले, मग शेडकडे. "लॉयड कुठे होता?"

"हेल्मेट घालायला गेला होता."

"म्हणजे वळणावर तू एकटी, आणि निशाण जमिनीवर." त्याने हातातली टोपी झटकली. "कार्टवाले आपल्याला इथून काढायला टपलेत हे तुला ठाऊक आहे. हे बाहेर गेलं तर क्लब संपला. इथलाच नाही, कुठलाच ट्रॅक आपल्याला कुणी देणार नाही."

"मग त्या मुलाचं काय?"

"एका हंगामाची बंदी. पुढच्या वर्षी सगळे विसरतील."

"आणि डेस्मंड उठलाच नाही तर? तेव्हाही बंदीच का?"

प्रेंटिसने टोपी डोक्यावर घातली. "तू आत्ता जे बोललीस ते मी ऐकलं नाही, नायरी. घरी जा. झोप काढ. मग बघू."

रेवी त्याच्या व्हॅनच्या मागच्या फळीवर बसला होता. आई त्याला न्यायला निघाली होती. नायरी शेजारी बसली. त्याने सरकून जागा दिली.

"मावशी, तू पण ओरड माझ्यावर. चालेल."

"निशाण वर नव्हतं, रेवी. मी ते खाली ठेवलं होतं. तुला दिसलं नाही, कारण दिसायला काही नव्हतंच."

ते कळायला त्याला बराच वेळ लागला. नायरीला वाटले होते की तो सुटकेचा श्वास टाकेल. त्याचा चेहरा आणखीच पांढरा पडला.

"मी ग्लेनिसकाकूंना फोन केला मघाशी," तो म्हणाला. ग्लेनिस म्हणजे डेस्मंडची बायको. "म्हटलं, माझी चूक झाली. निशाण होतं, मीच बघितलं नाही. त्या रडत होत्या. म्हणाल्या, खरं बोललास, बरं झालं." त्याने बरा हात तोंडावर धरला. "तू तिथंच होतीस की शेडमध्ये. दारात उभी होतीस."

"हो."

"आणि गप्प बसलीस."

"हो."

"जा तू इथून."

ती तिथून थेट रुग्णालयात गेली. ग्लेनिस बाहेरच्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत डेस्मंडचे बूट. डोक्यात रक्त साचले होते, ते काढले, पुढचे कुणी सांगत नाही, एवढे ती म्हणाली. नायरीने उभ्यानेच सगळे सांगून टाकले. लॉयडचे, निशाणाचे, आपण धावलो त्याचे.

ग्लेनिसने शेवटी एकच विचारले. "त्यानंच हाक मारली ना तुला?"

नायरी पिशवीतल्या बुटांकडे बघत राहिली.

"मारणारच. पडून राहवत नाही त्याला." तिने पिशवी जवळ ओढली. "हे पोलिसांना सांगू नकोस. बाकी काय सांगायचं ते सांग, पण त्यानं स्वतः बोलावलं हे नको. ते तो सांगेल. उठला की."

सोमवारी सकाळी नायरीने पोलिसांना जबानी दिली. निशाण जमिनीवर होते, वळणावर मी एकटी होते, असे तिने सांगितले. निशाण का टाकलेस, या प्रश्नावर ती म्हणाली की आम्ही धावतोच. कुणी हाक मारली होती का, असेही त्यांनी विचारले. ती नाही म्हणाली.

प्रेंटिसने निशाण वर होते असे सांगितले. लॉयड बिगनेलने सांगितले की तो शर्यत थांबेपर्यंत तिसऱ्या वळणावरच होता आणि निशाण त्याने स्वतः पाहिले. आदळण्याआधी आपण काय पाहिले हे आता नक्की सांगता येत नाही, असे रेवी म्हणाला. पोलिसांनी तिसऱ्या वळणावरचे निशाण आणि दोन्ही गाड्या ताब्यात घेतल्या.

सोमवारी संध्याकाळपर्यंत डेस्मंड फॅरी शुद्धीवर आलेला नव्हता.